नराची बोली लाखांत, घर चालतं मेंढीवर: छोट्या कळपात संकरासाठी आईची जात कशी निवडायची

२०२० च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारातल्या एका माडग्याळ नराची बातमी राज्यभर फिरली. नाव सर्जा. बोली ७० लाखांवर गेली, मालकाने दीड कोटी सांगितले आणि मेंढा विकलाच नाही. तेव्हापासून जत-आटपाडी-सांगोल्यात काय आणि सीमेपलीकडे अथणी-इंडी-विजयपुरात काय, मेंढीपालनाचा विषय निघाला की बोलणं नरावरच येतं. नाक किती वाकलंय, कान किती लांब, पाय किती उंच, ठिपके कुठे.

मेंढीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. वीस मेंढ्या आणि एक नर असा कळप असला तर नर वर्षातून काही आठवडे कामाला येतो. बाकी सगळं वर्ष मेंढी गाभण राहते, विते, पाजते, चालते, दुष्काळ काढते. कोकरू जगणार की नाही आणि तीन महिन्यांनी काट्यावर किती भरणार, हे निम्म्याहून जास्त तिच्या कासेवर ठरतं. त्यामुळे संकर करायचा असेल तर पहिला प्रश्न नर कुठला हा नाही, आई कुठली हा आहे.

राज्य सरकारच्या राजे यशवंतराव महाराज होळकर महामेष योजनेत (२०१७ पासून) वीस मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. तेलंगणानेही २०१७ मध्ये वीस अधिक एक याच गटाने मेंढीवाटप सुरू केलं. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना छोटा कळप म्हटला की आकडा साधारण विसाचाच. पुढचा सगळा हिशेब म्हणूनच विसावर केलेला आहे.

जुळं नर देत नाही

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘जुळ्यातला नर घेतला की मेंढ्या जुळी देतात’ असं बाजारात सर्रास सांगतात. तसं होत नाही. मेंढीला एका माजाला किती बीजं सुटतात त्यावर किती कोकरं होणार हे ठरतं, आणि ते मेंढीच्या अंगातलं काम आहे. नर कितीही जुळ्यातला असला तरी ज्या मेंढीला एकच बीज सुटलं तिला एकच कोकरू होणार. नराचा गुण दिसायचा असेल तर त्याच्या मुलींमध्ये दिसतो, म्हणजे दोन-अडीच वर्षांनी.

दुसरं असं की जुळ्यातली मेंढी निवडत गेलं तरी जुळ्यांचं प्रमाण फार हळू वाढतं. हा गुण आनुवंशिकतेने कमी आणि खाण्यापिण्याने, वयाने, हंगामाने जास्त ठरतो. दख्खनी मेंढीत जुळी मुळातच विरळ. एकाच मेंढपाळाच्या आयुष्यात नुसत्या निवडीवर कळप जुळ्यांचा होणं अवघड.

याला एकच मोठा अपवाद आहे, आणि तो सुंदरबनातून आला.

सुंदरबन, ऑस्ट्रेलिया, फलटण

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची मेंढी आहे. पूर्ण वाढलेली मेंढी भरते दहा ते चौदा किलो, म्हणजे आपल्याकडच्या तीन महिन्यांच्या कोकराएवढी. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. पण जुळी देते, कधी तिळीसुद्धा. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधल्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या कूमा गावाजवळच्या बुरूला नावाच्या फार्मवरचा मेरिनो कळप जुळ्या-तिळ्यांसाठी प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी यामागचा नेमका जनुकबदल शोधला. त्याला ‘फेक-बी’ किंवा बुरूला जनुक म्हणतात. गारोलमध्येही तोच सापडला आणि मूळ बंगालचं हे पक्कं झालं.

साताऱ्यातल्या फलटणला १९६८ मध्ये पद्मश्री बनबिहारी निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नारी’, काढली. १९९० च्या दशकात तिथे गारोल मेंढ्या आणून स्थानिक लोणंद प्रकारच्या दख्खनीशी संकर सुरू झाला. डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या साथीने हे काम वर्षानुवर्षं चाललं. त्यातून उभी राहिली ती ‘नारी सुवर्णा’.

गारोलचं सगळं रक्त कुणालाच नको होतं. बारा किलोची मेंढी घेऊन दख्खनच्या बाजारात करायचं काय? हवा होता तो एक जनुक. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या परत दख्खनीकडे आणि मोठ्या जातींकडे संकर करत गारोलचा अंश कमी केला, आणि प्रत्येक पिढीत रक्त तपासून जनुक असलेलेच प्राणी पुढे ठेवले. मांसाची ठेवण सुधारायला कर्नाटकातली बन्नूर आणि दूध वाढवायला इस्रायलची आवासी यांचंही रक्त वापरलं गेलं.

जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती असलेला नर साध्या दख्खनी मेंढीवर सोडला तर त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळतेच, त्यात नशिबाचा भाग नाही. फलटण परिसरातल्या मेंढपाळांच्या कळपांत एक प्रत असलेल्या मेंढ्यांनी वितीला सरासरी दीडच्या आसपास कोकरं दिली आहेत. म्हणजे दहा मेंढ्यांमागे पंधरा. छोट्या शेतकऱ्याला हे प्रमाण झेपतं. तिळी-चौळी झाली तर आई पुरी पडत नाही, आणि घरातली माणसंही पुरी पडत नाहीत.

विकत काय घ्यायचं, याचंही उत्तर यातच आहे. वीस नव्या मेंढ्या आणण्याची गरज नाही. आपल्याच मेंढ्या ठेवायच्या आणि दोन प्रती असलेला एक तपासलेला नर आणायचा. तो सर्जासारखा दिसणार नाही. शेजारी हसतील कदाचित.

आईच्या जाती: कोण कशाला चालते

दख्खनी. काळी, करडी, कधी पांढरी, भरड लोकरीची. मेंढी साधारण २५ ते ३० किलो. रोज दहा-पंधरा किलोमीटर चालते, धसकटं आणि बाभळीच्या शेंगा खाऊन तगते. दूध कमी, कोकरू एक. लोकरीला आता भाव नाही, कातरणीचे पैसे उलट पदरचे जातात, म्हणून बरेच जण तिला मोडीत काढायला निघालेत. पण उन्हाळ्यात कळप जगवायचा तर आई म्हणून तिच्यासारखी भरवशाची दुसरी नाही. संकराचा पाया म्हणून सीमाभागात पहिली पसंती तिलाच द्यावी.

माडग्याळ. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून नाव. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं वाकडं नाक, लांब पाय. मेंढी साधारण ३५ ते ४० किलो, कोकरू जन्मतः जड आणि वाढीला वेगवान. बाजारात मागणी प्रचंड. तरीसुद्धा आई म्हणून ती घ्यावी का, यावर खाली हिशेब आहे. नर म्हणून ती जात उत्तम, यात वाद नाही.

बन्नूर, म्हणजे मंड्याकडची मेंढी. बुटकी, रुंद, मागून पाहिलं तर पाठीची कमान उलट्या ‘यू’सारखी. मांसाला नंबर एक. पण लांब चालणं तिचं काम नाही. ज्याच्याकडे बांधून खायला घालण्याएवढी वैरण आहे त्यानेच तिच्या वाटेला जावं.

नेल्लोर आणि रायचूरकडची केंगुरी या दोन्ही लोकर नसलेल्या, केसाळ जाती. कातरणीचा खर्च नाही. बिदर, आदिलाबादकडच्या वाचकांना त्या परिचित आहेतच. तेलंगणात नेल्लोरच्या लाटेत दख्खनी मागे पडली. आणि तिथे ज्यांना कोरड्या माळावर चारायचं होतं त्यांनाच पुढे अडचण आली.

विलायती रक्ताचा अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बारीक लोकर मिळावी म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी फार्मवर दख्खनीचा मेरिनो आणि रॅम्बुलेशी संकर झाला. लोकर सुधारली. पण फिरस्त्या धनगराला ती मेंढी मानवली नाही. घोंगडीला लागणारी भरड काळी लोकर त्यातून येत नव्हती आणि रानोमाळ चालण्यात ती मागे पडायची. संकर फसला कारण आईकडून काय हवं हे कळप राखणाऱ्याला विचारलंच नव्हतं.

काट्यावरचा हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या कळपाचे घालून बघावेत. बाजारभाव रोज हलतो, म्हणून हिशेब रुपयांत न करता तीन महिन्यांच्या कोकराच्या जिवंत किलोत केला आहे.

वीस दख्खनी मेंढ्या, दख्खनी नर. अठरा व्याल्या, अठरा कोकरं, दोन गेली, सोळा उरली. प्रत्येकी १५ किलो. एकूण २४० किलो.

त्याच मेंढ्या, नर माडग्याळ. सोळा कोकरं, पण प्रत्येकी १७ किलो. एकूण २७२. खर्च तोच, वाढ बत्तीस किलोची. नर बदलून एवढंच मिळतं, आणि ते काही वाईट नाही.

आता सगळ्या मेंढ्याच माडग्याळ केल्या तर? ३८ किलोची मेंढी २८ किलोच्या मेंढीपेक्षा जगण्यासाठीच साधारण पाव हिश्श्याने जास्त खाते. म्हणजे वीस दख्खनी ज्या चाऱ्यावर जगतात त्यावर माडग्याळ सोळाच जगतील. सोळातल्या चौदा व्याल्या, तेरा कोकरं उरली, प्रत्येकी २० किलो धरली. एकूण २६०. म्हणजे भारी मेंढ्यांत एवढं भांडवल घालून आकडा मागच्या पर्यायाच्याही खाली. कोकरू डोळ्यात भरतं, वही भरत नाही. (पैदाशीचे नर विकणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला किलोचा भाव लागत नाही, नाकाचा लागतो. पण तो धंदा सगळ्यांना जमणारा नाही.)

चौथा पर्याय: मेंढ्या फेक-बीची एक प्रत असलेल्या दख्खनी, नर माडग्याळ. अठरा व्याल्या, दीडच्या हिशेबाने सत्तावीस कोकरं. पाचातलं एक गेलं तरी बाविसेक उरतात. जुळी थोडी हलकी असणार, म्हणून १५ किलोच धरू. एकूण ३३०. पहिल्या पर्यायापेक्षा नव्वद किलो जास्त, त्याच वीस मेंढ्यांवर.

आणि आता या चौथ्या पर्यायाची दुसरी बाजू. मेंढ्या त्याच, पण खुराक नाही, उन्हाळ्यात विल्या, कासेत दूध नाही. सत्ताविसातली दहा-अकरा गेली, उरलेली सोळा बारा-बारा किलोवर खुरटली. एकूण १९२. म्हणजे काहीच न करणाऱ्यापेक्षाही मागे, वर मेलेली कोकरं उचलण्याचा त्रास. जुळ्याचा जनुक हा नुसता नफा नाही, ती एक जबाबदारी आहे आणि तिला खाद्य लागतं.

किती लागतं? शेवटच्या दीड महिन्यात पोटातल्या कोकराची सर्वात जास्त वाढ होते. त्या ४५ दिवसांत गाभण मेंढीला रोज पाव किलो खुराक द्यावा. जुळं कुणाच्या पोटात आहे ते आधी कळत नाही, म्हणून अठराही मेंढ्यांना. झाले दोन क्विंटल. व्याल्यावर जुळ्यावाल्या नऊ मेंढ्यांना दोन महिने पाव-पाव किलो, म्हणजे आणखी सव्वा-दीड क्विंटल. साडेतीन क्विंटल खुराकाची किंमत एका बाजूला आणि नव्वद किलो जिवंत वजनाची किंमत दुसऱ्या बाजूला ठेवून ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाने ताळा करावा. मका-पेंड घरची असेल तर उत्तर सोपं आहे.

ज्याला नवा नर परवडत नाही त्याच्यासाठी एक स्वस्त उपाय आहे. नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना थोडा खुराक किंवा चांगली हिरवी चराई मिळाली, तर गाभण राहण्याचं प्रमाण सुधारतं आणि काही मेंढ्यांना दोन बीजंही सुटतात. पावसाच्या पहिल्या हिरवळीनंतर लागलेल्या मेंढ्या चांगल्या का वितात याचं कारण हेच.

फिरता वाडा आणि बसका कळप

फिरतीवर असलेल्या धनगराला जुळं आवडेलच असं नाही, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. वाडा हलवताना नुकती जन्मलेली कोकरं घोड्यावर झोळीत घालून न्यावी लागतात. घोडा किती नेणार? वाटेत व्यालेल्या मेंढीला दोन कोकरं असली की एक दमतं, मागे राहतं, लांडगा नेतो. दीडशे-दोनशे मेंढ्यांच्या फिरत्या खांडाला एक मजबूत कोकरू परवडतं.

छोट्या, बसक्या कळपाचं उलट आहे. गोठा घराशेजारी, व्यालेली मेंढी नजरेसमोर, घरातली बाई किंवा म्हातारं माणूस दिवसातून चार वेळा डोकावणारं. कोकरू जन्मल्यापासून तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, अशक्त कोकराला सडाला लावलं पाहिजे, गरज पडली तर शेळीचं दूध बाटलीने पाजलं पाहिजे. हे वीस मेंढ्यांत होतं, दोनशेत होत नाही. म्हणून जुळं देणारी आई हा छोट्या कळपाचाच माल आहे.

इंग्लंडमध्ये हीच वाटणी फार जुनी आहे. डोंगरावरच्या काटक स्वॅलडेल मेंढीवर ब्लूफेस्ड लेस्टर नर घालतात. त्यातून होणारी ‘म्यूल’ मेंढी दुधाळ आणि जुळी देणारी. ती खालच्या सपाट मुलखातला शेतकरी आई म्हणून विकत घेतो आणि तिच्यावर टेक्सेल किंवा सफोक असा मांसाचा नर घालून सगळी कोकरं बाजारात पाठवतो. काटकपणा एकीकडून, दूध आणि जुळं दुसरीकडून, मांस तिसरीकडून. आपल्याकडे हे तीन धागे दख्खनी, सुवर्णा आणि माडग्याळ असे जुळवता येतात.

दोन नर, वीस मेंढ्या: गोम इथे आहे

सगळ्या मेंढ्यांवर माडग्याळ नर सोडला तर पुढच्या पिढीत निम्म्याच पोरींकडे जनुक जाईल, आणि कुणाकडे गेला ते नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो. म्हणून कळपाचे दोन भाग करावेत. सर्वात चांगल्या सात-आठ मेंढ्या सुवर्णा नराकडे, त्यांच्या पोरी घरी ठेवायच्या. उरलेल्या बारा-तेरा माडग्याळकडे, त्यांची नर-मादी सगळी कोकरं विकायची. मेंढीची माजाची फेरी सतरा दिवसांची, म्हणून दोन गट निदान दीड महिना वेगळे ठेवावे लागतात. एका फेरीत न लागलेली मेंढी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत लागते.

विसांवर दोन नर पोसणं महाग पडतं, हे उघड आहे. तिथे तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून नर घ्यावेत. यात दुसरा फायदा असा की दोन वर्षांनी नर आपल्याच मुलींवर चढायच्या आत शेजाऱ्याशी बदलता येतो. छोट्या कळपाचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. नर चांगला म्हणून चार-पाच वर्षं ठेवतात, बाप-लेकीच्या जोड्या लागतात, कोकरं खुरटतात आणि दोष मात्र जातीला दिला जातो. गाई-म्हशीसारखं कृत्रिम रेतन मेंढीत सहज होत नाही. गर्भाशयाचं तोंड वेडंवाकडं असल्याने गोठवलेलं वीर्य आत पोचवायला बारीक शस्त्रक्रियेचं तंत्र लागतं. म्हणून नराची अदलाबदल हाच व्यवहारी मार्ग.

वेळेचाही हिशेब हवा. या जून-जुलैत सुवर्णा नर सोडला तर नोव्हेंबर-डिसेंबरात कोकरं येतील. सगळ्या मेंढ्या त्याच्याकडे दिल्या तर सात-आठ पोरी राखता येतील. त्या दीडेक वर्षाच्या होऊन गाभण राहतील आणि दोन वर्षांच्या होताना पहिल्यांदा वितील. म्हणजे जुळ्यांचा पहिला मोठा हंगाम नर आणल्यापासून अडीच वर्षांनी. पहिली दोन वर्षं माडग्याळ नर आणूच नये, आधी आया तयार कराव्यात. वर्षात पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. शिवाय पहिल्या वितीच्या लहान पोरीवर फार मोठा नर घालू नये. कोकरू अडतं आणि दोन्ही जीव जातात.

मेंढी बाजारात नको, वाड्यावर बघा

पाया म्हणून मेंढ्या घ्यायच्याच असतील तर कुठून? आठवडी बाजार ही त्यासाठी सर्वात वाईट जागा. मेंढपाळ आपली चांगली मेंढी बाजारात आणत नाही. तिथे येते ती भाकड, दात झिजलेली, एका सडाने गेलेली किंवा दोनदा गाभडलेली. व्यापाऱ्याला ती कापायलाच घ्यायची असते, त्याला फरक पडत नाही.

खरी खरेदी वाड्यावर, विण्याच्या हंगामानंतर महिनाभराने करावी. मेंढी कोकरासह उभी असते तेव्हा तिचं खरं प्रमाणपत्र शेजारीच असतं. कोकरू गुबगुबीत असेल तर आईला दूध आहे. कासेला हात लावून बघावा, मऊ असावी, गाठ नसावी, दोन्ही सड सारखे असावेत. तोंड उघडून दात बघावेत. दोन दाती किंवा चार दाती घ्यावी, आठ दाती झिजलेली नको. खूर बघावेत, चालवून बघावं. हाक मारल्यावर कोकराकडे वळून बघते की पळून जाते, हेही बघावं. आई म्हणून गुण असलेली मेंढी माणूस जवळ आला तरी कोकरू सोडत नाही. आणि मेंढपाळाला सरळ विचारावं, हिची आई कशी होती? त्याला पाठ असतं.

आणलेल्या मेंढ्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त झाल्याशिवाय घरच्या कळपात मिसळू नयेत. पावसाळ्यात निळ्या जिभेचा रोग माशीसारख्या बारीक कीटकांमुळे पसरतो. गोठा कोरडा ठेवणं आणि संध्याकाळी धूर करणं हे जुने उपाय आजही उपयोगाचे. लशीसाठी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधीच सांगून ठेवावं.

माळव्यातल्या वाचकांसाठी

इंदूर, देवास, उज्जैनकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांची गावाकडे जमीन आहे, त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. उज्जैनच्या माधव नगरात राहून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शेतात कळप ठेवायचा म्हटलं, तर जतची मेंढी ट्रकने इतक्या लांब नेणं शहाणपणाचं नाही. जत पर्जन्यछायेचा, मुरमाड माळाचा मुलूख. माळवा काळ्या मातीचा, पावसाळ्यात चिखलाचा. खूर कुजण्याचा त्रास तिथे पहिल्याच वर्षी सुरू होतो.

तिथे आईची जात राजस्थानच्या बाजूची बघावी. उदयपूर-चित्तोडगड पट्ट्यातली लांब कानांची सोनाडी, आणि टोंक जिल्ह्यातली मालपुरा. सोनाडी दुधासाठीही पिळतात, म्हणजे कोकराला कमी पडत नाही. मालपुरा काटक आणि अंगाने बरी. दरवर्षी मारवाडातून माळव्यात उतरणाऱ्या कळपांमुळे राजस्थानी मेंढ्यांची तिथल्या लोकांना ओळख असतेच.

जुळ्यांसाठी फलटणच्या सुवर्णाला समांतर अशी ‘अविशान’ तिकडे आहे. टोंक जिल्ह्यातच अविकानगरला १९६२ पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, तिथे ती तयार झाली. कृती मोठी शिकण्यासारखी आहे. आधी गारोल आणि मालपुरा यांचा संकर केला. मग तो परत मालपुराशी केला, म्हणजे गारोल पाव हिस्सा उरली. जुळी येऊ लागली पण आईला दूध पुरेना. तेव्हा गुजरातची दुधाळ पाटणवाडी आणली. अखेर रक्ताची वाटणी झाली पाटणवाडी निम्मी, मालपुरा साडेसदतीस टक्के आणि गारोल फक्त साडेबारा टक्के. जुळ्यासाठी आठवा हिस्सा आणि ती जुळी जगवण्यासाठी अर्धा, असं हे माप आहे.

म्हणून माळव्यात सुरुवात करायची तर आसपासच्याच कळपांतून, एक पावसाळा त्या मातीत काढलेल्या पंधरा-वीस सोनाडी किंवा मालपुरा वळणाच्या मेंढ्या घ्याव्यात. नरासाठी अविकानगरला आधी मागणी नोंदवावी. अशा संस्थांकडे नर मोजकेच असतात आणि मागेल त्या दिवशी मिळत नाहीत. फलटणच्या बाबतीतही तेच. नर घेताना एकच गोष्ट लेखी मागावी, जनुकाच्या दोन्ही प्रती असल्याचा तपासणीचा दाखला आणि त्यावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर. दाखला नसेल तर तो नर साधा समजून साध्याच भावाने घ्यावा.